एका वाक्यासाठी चार दिवस : ब्रिटनमधील पक्ष-अधिवेशने आणि हवामान-धोरणाची रस्सीखेच

अधिवेशन म्हटले की मराठी वाचकाला आधी नागपूरचे हिवाळी अधिवेशन आठवते, आणि इतिहासाची आवड असेल तर फैजपूरचे १९३६ सालचे काँग्रेस अधिवेशन. पहिले विधिमंडळाचे, दुसरे पक्षाचे. या लेखाचा विषय असलेली ब्रिटनमधील अधिवेशने दुसऱ्या जातीची आहेत. दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तेथील प्रमुख राजकीय पक्ष एकामागोमाग एक आपापला मेळा भरवतात आणि त्यासाठी संसदेचे कामकाजही काही आठवडे थांबवले जाते. पूर्वी हे मेळे ब्लॅकपूल, ब्रायटन, बोर्नमथ अशा समुद्रकाठच्या शहरांत होत असत. आता मजूर पक्ष (लेबर) बहुधा लिव्हरपूलला जातो, हुजूर पक्ष (कॉन्झर्वेटिव्ह) आलटूनपालटून मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमला, आणि लिबरल डेमोक्रॅट मात्र अजूनही समुद्रकिनारा सोडायला फारसे तयार नसतात.

या मेळ्याला पक्षाचे सदस्य आणि खासदार जमतात, हे ओघानेच आले. परंतु त्यांच्याबरोबर शेकडो बाहेरची माणसेही येतात. त्यांत कंपन्या, कामगार संघटना, विद्यापीठे, धर्मादाय संस्था आणि पत्रकार असतात, आणि पक्ष्यांच्या संरक्षणापासून समुद्रातील तेलविहिरींच्या विरोधापर्यंत नाना कामे करणाऱ्या पर्यावरण संघटनाही असतात. या संघटना कोणत्याही पक्षाच्या नसतात, मतदानाचा अधिकारही त्यांना नसतो, आणि तरीही त्या आपल्या मर्यादित निधीतला चांगला मोठा वाटा खर्चून तीन-तीन, चार-चार शहरे पालथी घालतात. त्यांना तिथे नेमके काय मिळते, आणि जे मिळते ते किती टिकते, हे समजून घ्यायचे तर आधी प्रत्येक पक्षाचे दार कुठे आहे, हे पाहावे लागते. बाहेरून सारखीच दिसणारी ही अधिवेशने आतून अगदी वेगळी चालतात.

लिबरल डेमोक्रॅट पक्षात धोरण खरोखरच अधिवेशनात ठरते. सदस्य ठरावावर बोलतात, दुरुस्त्या सुचवतात, हात वर करून मत देतात आणि मंजूर झालेला ठराव पक्षाचे धोरण होतो. २०१९ च्या शरद ऋतूत बोर्नमथ येथे या पक्षाने देशाचे निव्वळ कर्ब-उत्सर्जन (म्हणजे हवेत सोडलेल्यातून शोषून घेतलेले वजा करून उरणारे) २०४५ पर्यंत शून्यावर आणण्याचे धोरण अशाच रीतीने स्वीकारले आणि २०२४ च्या निवडणूक-जाहीरनाम्यातही तेच साल छापले गेले. अशा पक्षात पर्यावरण संघटनेचे काम तुलनेने सरळ असते: ज्यांना मत आहे अशा सदस्यांना पटवायचे, आणि ठरावाच्या मसुद्यात योग्य शब्द आहेत ना, हे वेळेत पाहायचे.

हुजूर पक्ष याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथील अधिवेशनात धोरणावर मतदान होत नाही. धोरण नेता आणि त्याच्या भोवतीचे मोजके लोक ठरवतात, आणि जमलेले सदस्य भाषणे ऐकून टाळ्या वाजवतात, क्वचित टाळ्या न वाजवून आपले मत कळवतात. म्हणून इथे ठरावाच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. इथे शोधायचा असतो तो मंत्री, त्याचा विशेष सल्लागार, नाहीतर पुढे मंत्री होईल असा तरुण खासदार.

मजूर पक्षाची रचना या दोहोंच्या मधली आणि सर्वांत गुंतागुंतीची आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. प्रत्येक मतदारसंघातील शाखा आणि पक्षाशी संलग्न असलेल्या कामगार संघटना ठराव पाठवू शकतात. ठराव फार येतात, तेव्हा कोणत्या विषयांवर चर्चा घ्यायची, हे आधी मतदानाने ठरते. निवडलेल्या विषयावरचे सारे ठराव मग एका बंद खोलीतील बैठकीत एकत्र शिवले जातात. ही बैठक कधीकधी मध्यरात्र ओलांडते, आणि 'करील' असावे की 'करण्याचा प्रयत्न करील' यावर तासन् तास घासाघीस होते. शेवटी सभागृहात मत पडते, आणि त्यात अर्धे वजन मतदारसंघांच्या प्रतिनिधींचे तर अर्धे कामगार संघटना व इतर संलग्न संस्थांचे असते. ठरावाला दोन-तृतीयांश पाठिंबा मिळाला तर तो पक्षाच्या कार्यक्रमात जातो. इथपर्यंत सारे लोकशाहीला धरून आहे. गोम पुढे आहे. कार्यक्रमातील कोणती गोष्ट जाहीरनाम्यात घ्यायची, हे पक्षघटनेच्या पाचव्या कलमाखाली भरणाऱ्या एका वेगळ्याच बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीत नेत्याचा शब्द जड असतो.

ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते, याचा नमुना म्हणून २०१९ चे ब्रायटन अधिवेशन पाहता येईल. त्या वर्षीच्या वसंतात पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांनी 'लेबर फॉर अ ग्रीन न्यू डील' नावाचा गट उभा केला होता. या गटाचे म्हणणे असे, की ब्रिटनने २०५० ची वाट न पाहता २०३० पर्यंतच निव्वळ शून्य उत्सर्जन गाठावे आणि त्यासाठी सार्वजनिक गुंतवणुकीतून नवे रोजगार निर्माण करावेत. गटाने उन्हाळाभर मतदारसंघांच्या शाखाशाखांतून एकाच मसुद्याचे ठराव मंजूर करून घेतले, आणि हाच त्यांचा खरा पराक्रम होता, कारण अधिवेशनाच्या मंडपात पोचेपर्यंत निम्मी लढाई झालेली असते. अग्निशामक कर्मचाऱ्यांची संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. परंतु वायू आणि वीज क्षेत्रातील कामगारांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या 'जीएमबी' या मोठ्या संघटनेला २०३० हे साल मान्य नव्हते. इतक्या थोड्या वर्षांत हे करायचे म्हणजे आमच्या माणसांच्या नोकऱ्यांवर गदा येणार, ही तिची भूमिका होती, आणि तिने साल नसलेला आपला वेगळा ठराव पुढे ठेवला. २४ सप्टेंबरला दोन्ही ठराव मंजूर झाले. त्याच सकाळी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी केलेली संसदेची स्थगिती बेकायदा ठरवली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हवामानाच्या ठरावाला कोपऱ्यातच जागा मिळाली.

दोन महिन्यांनी जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यात '२०३० पर्यंत निव्वळ शून्य' असे शब्द नव्हते. उत्सर्जनातील कपातीचा बहुतांश भाग २०३० पर्यंत साध्य करण्याचे उद्दिष्ट ठेवू, अशा आशयाचे वाक्य होते, आणि ही कपात पुराव्यावर आधारित आणि न्याय्य असेल, अशी पुस्तीही होती. ज्यांनी ठराव मंजूर करून घेतला त्यांना हा विश्वासघात वाटला, आणि ज्यांनी विरोध केला त्यांना तरीही हे फारच झाले असे वाटले. मला मात्र त्या वाक्यात त्या मध्यरात्रीच्या बैठकीतील दोन्ही बाजूंची बोटे उमटलेली दिसतात. ठराव झालाच नसता तर २०३० हे साल जाहीरनाम्यात आलेच नसते, आणि जीएमबी उभी राहिली नसती तर 'बहुतांश' हा शब्द आला नसता.

एका वाक्यावर एवढा जीव का टाकायचा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ब्रिटनच्या संसदीय रूढीत आहे. सत्ताधारी पक्षाने जाहीरनाम्यात दिलेले वचन पुरे करण्यासाठी आणलेल्या विधेयकाला लोकनियुक्त नसलेले उमरावांचे सभागृह तत्त्वतः अडवत नाही. या प्रथेला 'सॅलिसबरी संकेत' म्हणतात. म्हणजे जाहीरनाम्यात बसलेले वाक्य निवडणुकीनंतर अर्धे अंतर आधीच कापून आलेले असते. शिवाय मंत्र्याला खात्यातील अधिकाऱ्यांपुढे, विशेषतः अर्थखात्यापुढे, बोट ठेवायला ओळ मिळते. 'मला हे करावेसे वाटते' आणि 'आम्ही हे लोकांना छापून दिले आहे' या दोन वाक्यांच्या वजनात जमीनअस्मानाचे अंतर आहे. पर्यावरण संघटनांचे अनुभवी लोक अधिवेशनाला जातात ते ही ओळ मिळवायला, आणि ती आधीपासून असेल तर ती कोणी खोडू नये म्हणून पहारा द्यायला.

आता प्रत्यक्ष त्या चार दिवसांत काय चालते ते पाहू. मुख्य सभागृहातील भाषणे दूरचित्रवाणीवर दिसतात, पण त्याच्या भोवतीच्या हॉटेलांत आणि सभाकक्षांत सकाळी साडेसातच्या न्याहारीपासून रात्री उशिरापर्यंत शेकडो लहान सभा चालू असतात. त्यांना 'फ्रिंज' म्हणजे काठावरच्या सभा म्हणतात. एखादी पर्यावरण संघटना आणि एखादे नियतकालिक किंवा धोरण-अभ्यास संस्था मिळून खोली घेतात, व्यासपीठावर एक मंत्री किंवा विरोधी पक्षात असल्यास त्या खात्याचा छायामंत्री, एक तज्ज्ञ, एक खासदार आणि बहुधा खर्च उचलणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी बसतो, आणि श्रोत्यांसाठी मागच्या टेबलावर फुकटचे सँडविच ठेवलेले असतात. विषय 'घरांचे उष्णतारोधन' असा कितीही रुक्ष असला तरी सँडविच बरे असतील तर खोली भरते, हे तिथे नेहमी जाणारे लोक हसत हसत मान्य करतात. बऱ्याच सभा सुरक्षाकड्याच्या आत होतात, जिथे जायला आधी पडताळणी होऊन मिळालेला पास गळ्यात असावा लागतो. हे कडे १९८४ नंतर फार घट्ट झाले. त्या वर्षीच्या १२ ऑक्टोबरला ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात, हुजूर पक्षाचे अधिवेशन चालू असताना, आयरिश रिपब्लिकन आर्मीने ठेवलेला बाँब फुटून पाच जण मृत्युमुखी पडले होते. कड्याच्या बाहेरही सभा होतात. २०१६ पासून मजूर पक्षाच्या अधिवेशनाला लागून 'द वर्ल्ड ट्रान्सफॉर्म्ड' नावाचा डाव्या विचारांचा स्वतंत्र महोत्सव भरू लागला, आणि ग्रीन न्यू डीलसारखे विषय तिथे आधी तापवून मग आत नेले गेले.

व्यासपीठावरील चर्चेतून कोणाचे मत बदलते असे मानणे भाबडेपणाचे आहे. तिचा उपयोग वेगळा आहे. छायामंत्र्याला आमंत्रण दिले की त्याच्या सल्लागाराला त्या विषयावर दोन पानांचे टिपण काढावे लागते, टिपण काढायचे म्हणजे पक्षाची भूमिका काय हे ठरवावे लागते, आणि ती भूमिका शंभर लोकांपुढे व दोन पत्रकारांपुढे बोलून दाखवावी लागते. पुढच्या वर्षी त्याच मंत्र्याला त्याच खोलीत बोलावून 'गेल्या वर्षी आपण असे म्हणाला होता' अशी आठवण नम्रपणे करून देता येते. सावकाराने वहीत नोंद करून ठेवावी, तसे हे काम आहे. वसुली लगेच होत नाही.

इथे कायद्याची एक मर्यादा सांगायला हवी, कारण संघटनांचे वागणे तिच्यामुळेच ठरते. 'आरएसपीबी' ही दहा लाखांहून अधिक सदस्य असलेली पक्षिसंरक्षण संस्था किंवा 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' ही वन्यजीव-संरक्षण संस्था यांची ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी आहे. अशा संस्थेला धोरणासाठी प्रचार करता येतो, पण कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. म्हणून त्या सर्व प्रमुख पक्षांच्या दारात जातात आणि जवळजवळ तीच मागणी प्रत्येकाच्या भाषेत मांडतात: मजूर पक्षाकडे रोजगार म्हणून, हुजूर पक्षाकडे वारसा आणि देशाची ऊर्जासुरक्षा म्हणून, लिबरल डेमोक्रॅटांकडे नद्यांची स्वच्छता म्हणून. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. मला तो नाइलाज आणि शहाणपण यांचा मेळ वाटतो. २०१४ मध्ये आणखी एक कायदा आला. निवडणुकीआधीच्या ठरावीक काळात प्रचारावर विशिष्ट रकमेहून अधिक खर्च करणाऱ्या बिगरपक्षीय संघटनांनी निवडणूक आयोगाकडे नोंदणी करावी, असे बंधन त्याने घातले. २०१५ च्या निवडणुकीत अशी नोंदणी न केल्याबद्दल ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेला २०१७ मध्ये ३०,००० पौंड दंड झाला. ग्रीनपीसने आपण मुद्दाम नोंदणी केली नाही, हा कायदाच अन्यायकारक आहे, असे उघड सांगितले होते.

गंमत अशी, की त्याच कायद्याने निर्माण केलेल्या लॉबिंगच्या नोंदवहीत केवळ पैसे घेऊन दुसऱ्यासाठी मंत्र्यांशी बोलणारे व्यावसायिक सल्लागार येतात. कंपनीचा किंवा संघटनेचा स्वतःचा पगारी माणूस तिच्या कक्षेत येत नाही. मंत्र्यांच्या अधिकृत भेटींच्या याद्या सरकार प्रसिद्ध करते, पण अधिवेशनात मंत्री हा पक्षाचा नेता म्हणून वावरत असतो, सरकारी अधिकारी त्याच्यासोबत नसतात, आणि संध्याकाळच्या मेजवानीत कोणी त्याच्या कानाशी काय म्हटले, याची नोंद सहसा कुठेच सापडत नाही. ही पोकळी पर्यावरण संघटनांच्या जितकी उपयोगी पडते तितकीच तेल, वायू आणि विमानवाहतूक कंपन्यांच्याही पडते, आणि त्यांचा खिसा अधिक खोल असतो. सभांचे प्रायोजकत्व, प्रदर्शनातील दालने, उद्योगपतींसाठी राखलेला खास दिवस यांतून पक्षांना मोठे उत्पन्न मिळते. पैशाच्या या शर्यतीत पर्यावरण संघटना जिंकू शकत नाहीत. त्यांचे भांडवल असते ते सदस्यसंख्येचे. एखाद्या ग्रामीण मतदारसंघात पक्षाच्या सदस्यांपेक्षा पक्षिसंरक्षण संस्थेचे सदस्य अधिक आहेत, हे तिथल्या खासदाराला चांगले ठाऊक असते.

बाहेरच्यांपेक्षा आतल्यांचे अधिक ऐकले जाते, हा जगभरचा अनुभव आहे, म्हणून प्रत्येक पक्षात घरचीच पर्यावरण संघटनाही असते. मजूर पक्षातील 'सेरा' १९७३ पासून काम करते. हुजूर पक्षात २०१३ मध्ये 'कॉन्झर्वेटिव्ह एन्व्हायर्नमेंट नेटवर्क' स्थापन झाले. इंग्लंडमध्ये जमिनीवरील पवनचक्क्यांना २०१५ पासून नियोजनाच्या नियमांमुळे जवळजवळ बंदीच होती. ती उठावी म्हणून या गटाने आपल्याच पक्षात पाठपुरावा केला. २०२२ च्या अखेरीस माजी मंत्री सायमन क्लार्क यांनी एका विधेयकाला तशी दुरुस्ती सुचवली आणि तिच्यावर बोरिस जॉन्सन आणि लिझ ट्रस या दोन माजी पंतप्रधानांनी सह्या केल्या. पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या सरकारला नियम थोडे सैल करावे लागले. बंदी पुरती उठली ती मात्र जुलै २०२४ मध्ये, मजूर पक्ष सत्तेवर आल्यानंतर काही दिवसांतच.

आतल्या आणि बाहेरच्या मार्गांमधली रेषा कधीकधी पुसटही होते. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथे पंतप्रधान लिझ ट्रस यांचे भाषण चालू असताना सभागृहातील दोन स्त्रियांनी उठून एक फलक धरला. 'याला मत कोणी दिले होते?' एवढाच त्याचा अर्थ. त्या ग्रीनपीसच्या होत्या. रोख होता तो ट्रस सरकारने दोन आठवड्यांपूर्वी उठवलेल्या फ्रॅकिंगवरील स्थगितीकडे. जमिनीखालच्या खडकांत प्रचंड दाबाने पाणी आणि रसायने सोडून वायू मोकळा करण्याच्या या पद्धतीवरील स्थगिती कायम ठेवण्याचे वचन हुजूर पक्षाच्या २०१९ च्या जाहीरनाम्याने दिले होते, म्हणजे प्रश्न विचारला गेला तो पक्षाच्याच छापील वाक्यावर बोट ठेवून. दोन आठवड्यांनी, १९ ऑक्टोबरला, विरोधकांनी संसदेत फ्रॅकिंगवर मतदान मागितले तेव्हा सत्ताधारी बाकांवर अभूतपूर्व गोंधळ झाला आणि दुसऱ्या दिवशी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. त्या पडल्या त्या मुख्यतः फसलेल्या अर्थसंकल्पी घोषणांमुळे. फलकाने सरकार पाडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ऋषी सुनक यांनी २६ ऑक्टोबरला स्थगिती पुन्हा लागू केली तेव्हा आधार घेतला तो त्या जाहीरनाम्याचाच.

दबाव यशस्वी झाल्याचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच २००८ च्या हवामान बदल कायद्याचे आहे, आणि त्यातून या साऱ्या खटाटोपाचे मर्म कळते. 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या संघटनेने २००५ मध्ये 'द बिग आस्क' ही मोहीम सुरू केली. मागणी एकच होती: उत्सर्जन दरवर्षी घटवण्याचे कायदेशीर बंधन सरकारने स्वतःवर घालून घ्यावे. लोकांनी आपापल्या खासदारांना पत्रे लिहिली आणि भेटी घेतल्या, आणि ६४६ पैकी ४१२ खासदारांनी या मागणीच्या प्रस्तावावर सह्या केल्या. त्याच सुमारास हुजूर पक्षाचे नेतृत्व डेव्हिड कॅमेरॉन यांच्याकडे आले. पक्षाची जुनी, कठोर प्रतिमा त्यांना बदलायची होती, म्हणून ते आर्क्टिक प्रदेशात कुत्र्यांच्या घसरगाडीवर बसून आले, पक्षाच्या चिन्हात मशालीऐवजी ओकचे झाड आले, आणि सप्टेंबर २००६ च्या आरंभी, अधिवेशनांचा हंगाम सुरू होण्याआधीच, त्यांनी फ्रेंड्स ऑफ द अर्थच्या जोडीने या कायद्याची जाहीर मागणी केली. लिबरल डेमोक्रॅट आधीपासून अनुकूल होतेच. आता विरोधक सरकारपेक्षा अधिक हिरवे दिसू लागले होते, आणि सत्तेवरील मजूर पक्षाला ते परवडणारे नव्हते. नोव्हेंबरमधील राणीच्या अभिभाषणात विधेयकाची घोषणा झाली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कायदा झाला तेव्हा २०५० पर्यंतच्या कपातीचे लक्ष्य मूळच्या ६० टक्क्यांवरून ८० टक्के झाले होते, आणि कनिष्ठ सभागृहातील अंतिम मतदानात विरोधी मते होती अवघी तीन. २०१९ मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारने तेच लक्ष्य निव्वळ शून्यापर्यंत नेले.

पक्षांना एकमेकांशी चढाओढ करायला लावणे, ही या कामातली सर्वांत परिणामकारक युक्ती आहे, असे मला वाटते. तिचे बीज आणखी मागे दिसते. ऑक्टोबर १९८८ मध्ये हुजूर पक्षाच्या ब्रायटन अधिवेशनात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी म्हटले होते, की पृथ्वीची कायमची मालकी कोणत्याही पिढीकडे नाही, आपल्याकडे आहे तो फक्त हयातीपुरता भाडेपट्टा, आणि तोही सगळी डागडुजी भाडेकरूने करण्याच्या अटीचा. घरभाड्याचे करार वाचणाऱ्या मध्यमवर्गाला समजेल अशीच ही उपमा होती. पुढच्याच वर्षी युरोपीय निवडणुकीत ग्रीन पक्षाने ब्रिटनमध्ये जवळजवळ १५ टक्के मते घेतली आणि एकही जागा जिंकली नाही, पण त्या मतांकडे सगळ्या मोठ्या पक्षांचे डोळे लागले.

वचन अधिवेशनात दिले म्हणजे ते टिकतेच असे नाही, हेही नोंदवायला हवे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी ब्रायटन येथे मजूर पक्षाच्या रेचेल रीव्ह्ज यांनी हवामानविषयक भांडवली गुंतवणुकीसाठी दरवर्षी २८ अब्ज पौंड देण्याची घोषणा केली. एवढा मोठा आकडा भावी अर्थमंत्र्याच्या तोंडून आला होता. नंतर व्याजदर चढले. जून २०२३ मध्ये वचनाची मुदत पुढे ढकलली गेली, आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी आकडाच सोडून देण्यात आला. उलट, २०२२ च्या लिव्हरपूल अधिवेशनात तेव्हाचे पक्षनेते किअर स्टार्मर यांनी जाहीर केलेली 'ग्रेट ब्रिटिश एनर्जी' ही सरकारी कंपनी २०२५ च्या कायद्याने प्रत्यक्षात आली. दोन्ही वचने एकाच पक्षाची, दोन्ही अधिवेशनाच्या व्यासपीठावरची. एक गळाले, एक उरले. यातून मला एवढेच दिसते, की नुसत्या आकड्याला वाचवायला कोणी पुढे येत नाही. ज्या वचनातून एखादी संस्था, तिचे कार्यालय आणि तिच्यातील नोकऱ्या उभ्या राहणार असतात, त्याला राखणदार आपोआप मिळतात. या कंपनीचे मुख्यालय ॲबर्डीनला, म्हणजे तेलउद्योगाच्या शहरातच ठेवण्यात आले, यामागेही हाच हिशेब असावा.

नोकऱ्यांचा मुद्दा जीएमबीच्या ठरावापुरता नव्हता, हे ३० सप्टेंबर २०२४ या एका दिवसाने दाखवून दिले. बर्मिंगहॅममध्ये हुजूर पक्षाचे अधिवेशन चालू असताना नॉटिंगहॅमशायरमधील रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनचे शेवटचे कोळशावरील वीजकेंद्र बंद झाले. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावर सार्वजनिक वीजनिर्मिती सुरू झाली होती, तिचा १४२ वर्षांनी शेवट झाला. त्याच दिवशी वेल्समधील पोर्ट टॅलबॉट येथे टाटा स्टीलने आपली शेवटची झोतभट्टीही विझवली. ज्या कंपनीचा कारभार मुंबईतून चालतो तिचा हा निर्णय होता. जुन्या भट्टीच्या जागी विजेवर चालणारी भट्टी उभारण्याच्या सव्वा अब्ज पौंडांच्या योजनेला ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंडांचे साहाय्य देऊ केले, पण कंपनीच्या ब्रिटनमधील सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार होत्या. पर्यावरण संघटना ज्याला संक्रमण म्हणतात ते त्या गावात रोजंदारी थांबणे या रूपात पोचले. म्हणूनच अलीकडे या संघटना कामगार संघटनांसोबत एकाच व्यासपीठावर बसण्याची धडपड करतात, आणि ती खुर्ची त्यांना सहज मिळत नाही.

चढाओढीचे यंत्र उलट्या दिशेनेही फिरते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुनक यांनी, मँचेस्टर अधिवेशनाच्या अकरा दिवस आधी, पेट्रोल-डिझेलवरच्या नव्या मोटारींच्या विक्रीवरील बंदी २०३० वरून २०३५ वर ढकलली. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत निव्वळ शून्याचे धोरणच मोडीत काढू म्हणणाऱ्या रिफॉर्म यूके पक्षाने सर्वाधिक जागा जिंकल्या. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२५ रोजी, पुन्हा मँचेस्टर अधिवेशनाच्या तोंडावर, हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी सत्तेवर आल्यास २००८ चा हवामान बदल कायदाच रद्द करण्याची घोषणा केली. ज्या पक्षाच्या नेत्याने एकोणीस वर्षांपूर्वी, तसेच अधिवेशनाच्या आधी, त्या कायद्याची मागणी केली होती, त्याच पक्षाची ही घोषणा होती. घोषणा नेत्याची असल्यामुळे सभागृहात मत पडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिला सर्वांत तिखट जाहीर विरोध झाला तो घरातूनच, माजी पंतप्रधान थेरेसा मे यांच्याकडून.

कायदा या घोषणेने बदललेला नाही. दर पाच वर्षांचे उत्सर्जनाचे अंदाजपत्रक ठरवण्याचे बंधन आणि सरकारला सल्ला देणारी स्वतंत्र समिती, दोन्ही कायम आहेत. तो रद्द करायचा तर आधी निवडणूक जिंकावी लागेल, आणि त्यासाठीची मुदत ऑगस्ट २०२९ पर्यंत आहे. संसद मुदतीआधी विसर्जित झाली नाही, तर २०२५ च्या मँचेस्टर अधिवेशनानंतर त्या निवडणुकीपर्यंत मध्ये शरद ऋतूतील तीन अधिवेशने येतात.